पुढचे सहा दात

१

सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना आमच्या लॅबमधून सहा दात नाहीसे झाल्याचं उघडकीस आलं. खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : बरं झालं.

लॅब म्हणजे दातांची. डॉक्टर लोक रुग्णाच्या जबड्याचं माप पाठवतात आणि आम्ही त्यावरून दात बनवतो. प्लास्टरमामा मापावरून साचा करतात. मी त्या साच्यावर मेण कोरतो, त्या मेणावरून आतल्या टोप्या तयार होतात. मग खिडकीजवळच्या टेबलावर त्या टोप्यांवर पोर्सलेनचे थर चढतात, दात भट्टीत भाजले जातात आणि आईच्या पोटातून घेऊन आल्यासारखे दिसायला लागतात. टेबल खिडकीजवळ अशासाठी, की रंगाची पारख उजेडातच होते. शेवटी मॅनेजरने तपासून कार्डावर सही करायची आणि भाऊने ते स्कूटरवरून दवाखान्यात पोचवायचे.

मॅनेजर हा शब्द त्या दिवसांत माझ्या घशाखाली उतरत नव्हता. एकोणीस वर्षं मी मेण कोरतोय, लॅबमध्ये मला सगळे मेणबुवाच म्हणतात. माझ्या हिशेबाने केबिनमधली खुर्ची माझी होती. तीन आठवड्यांपूर्वी मालकीणबाईंनी ती दिली ताईला. ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी उशिरा आलेली, चौदा वर्षं खिडकीजवळ बसून पोर्सलेन चढवणारी. हात सोन्याचा, कबूल. पण म्हणून खुर्ची? वर मालकीणबाईंनी केबिनच्या काचेवर मॅनेजरच्या कामांची यादी डकवली होती. कामं वाटून द्यायची, तपासायची, चुकीची जबाबदारी आपण घ्यायची, चांगल्याचं श्रेय करणाऱ्याला द्यायचं, अशी दहा कलमं. दहावं ठळक अक्षरांत : स्वतः काम करत बसायचं नाही, करवून घ्यायचं. पाणी प्यायला जाताना मी ती यादी रोज वाचायचो आणि रोज माझा जळफळाट व्हायचा.

तर त्या सकाळी केबिनबाहेरच्या तपासणीच्या रॅकपाशी चिमणी उभी होती. चिमणी म्हणजे ताईच्या जागी खिडकीजवळ बसलेली मुलगी. दोन वर्षं ताईच्याच हाताखाली शिकली. आवाज बारीक म्हणून हे नाव. तिच्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये साचा होता, कार्ड होतं, दात नव्हते.

"काल पावणेसहाला मी इथेच ठेवला होता," ती म्हणाली. "सहाच्या सहा तयार होते हो."

हे दात आमच्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरांचे. संध्याकाळी पाचला त्यांच्या दवाखान्यात हवेत, साडेपाचला रुग्ण खुर्चीत बसणार. मालकीणबाई धावत आल्या. त्यांनी ट्रे पाहिला, मग चिमणीकडे पाहिलं.

"फुटले का तुझ्या हातून? फुटले आणि लपवलेस?"

चिमणीने ट्रे छातीशी धरला.

"मी बसते," ताई केबिनमधून बाहेर येत म्हणाली. तिने अॅप्रन बांधलासुद्धा. "मेणबुवा, टोप्यांचा दुसरा संच आहे ना?"

होता. पुढच्या दातांच्या टोप्या आम्ही नेहमी दोन संच करून ठेवतो, तशी आमच्याकडची पद्धतच आहे. मी मुकाट्याने काढून दिल्या. मला रंगाचा नंबर आणि लांबी विचारून, साचा आणि टोप्या घेऊन ताई खिडकीजवळ जाऊन बसली. कार्ड तेवढं माझ्या हातात राहिलं, कारण मालकीणबाईंनी मला बाजूला ओढलं.

"पाचपर्यंत शोधा कोणी केलं ते. नाही सापडलं तर मी त्या मुलीला आजच काढते. हलगर्जीपणा मी सोसला असता, लपवाछपवी सोसणार नाही."

"मीच का शोधू?"

"तुम्ही सगळ्यात जुने. आणि इथे कोणाची बाजू घ्याल असं मला वाटत नाही. तुमचं कोणाशीच पटत नाही."

२

सगळ्यात आधी मी प्लास्टरच्या खोलीत गेलो. लॅबच्या दोनच किल्ल्या, एक ताईकडे आणि एक मामांकडे. शिवाय मामांचा ताईवर राग. मॅनेजर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने त्यांचा रेडिओ बंद करायला लावला होता.

मामा बादली खरवडत होते. कोपरापर्यंत पांढरे.

"काल मी साडेसहाला कुलूप लावलं," ते म्हणाले. "त्याच्या आधी पाऊण तास मी इथे बादल्या धूत होतो. नळ सुरू असला की बाहेर हत्ती नाचला तरी मला कळत नाही."

"रॅककडे पाहिलंत?"

"मी कशाला पाहू? तुझ्यासारखं दुसऱ्याच्या टेबलावर लक्ष ठेवायची मला सवय नाही." मग ते हसले. "रागावू नकोस रे. पण सगळे काय म्हणतायत सांगू? म्हणतायत, मेणबुवांनीच केलं. ताईचं नाक कापायला."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एकोणीस वर्षांत मी या लॅबमधली टाचणी उचललेली नाही, आणि ह्यांनी मला चोर ठरवून टाकलं! त्यात वाईट असं, की मी सव्वासहाला निघालो होतो. म्हणजे रॅकपाशी अर्धा तास मीही होतो.

"पण मी नाही म्हणालो त्यांना," मामा पुढे म्हणाले. "ज्याला ताईचं नाक कापायचंय तो साचासुद्धा फोडेल. साचा फोडला की नवं माप घ्यावं लागतं, आठवडा जातो, डॉक्टर हातचे जातात. इथे साचा तसाच्या तसा. चोराने माझ्या साच्याला ओरखडासुद्धा काढला नाही."

मी दारातच थांबलो. मामा बोलले ते खरं होतं. ज्याने दात नेले, त्याला ते पुन्हा बनायला हवे होते.

३

भाऊ जिन्यात स्कूटर पुसत होता. भाऊचंही पोट दुखत होतं, वेगळ्या कारणाने. त्याच्या पुतण्याने खिडकीजवळच्या टेबलासाठी चाचणी दिली होती आणि तिथे निवड झाली चिमणीची.

"माझा पुतण्या काय वाईट होता?" मी काही विचारण्याआधीच तो सुरू झाला. "पण मी दात चोरून काय करू? ते पोचवले नाहीत तर शिव्या मलाच बसतात. आणि काल सहाला मी चिमणीबरोबरच बाहेर पडलो. तिला कोपऱ्यावर सोडलं. विचारा तिला."

"तिच्या पिशवीत काय होतं?"

"डबा. आणि पेरू. मला अर्धा दिला तिने."

एवढं सांगून तो पुन्हा पुसायला लागला. जरा वेळाने म्हणाला, "तुम्हाला सांगू, मेणबुवा? मी पुतण्याचा काका आहे म्हणून मला ती डोळ्यांत खुपते. पण पोरीचे दात मी पोचवतो ना, डॉक्टर डबी उघडून बघत बसतात. गेल्या मंगळवारी म्हणाले, हे ताईंचे नाहीत, हे त्यांच्यापेक्षा सरस आहेत. कागदावर लिहूनही दिलं. मी येऊन तो कागद केबिनमध्ये दिला."

"मग? चिमणीला दाखवला का ताईने?"

"ते मला काय ठाऊक? मी कागद द्यायचा, पुढचं मॅनेजरचं."

४

चिमणी स्टोअरच्या खोलीत पोर्सलेनच्या बाटल्यांपुढे खोक्यावर बसली होती. तिचं टेबल तिला आज वापरू देत नव्हते.

"काका, मला काढणार ना?"

"डॉक्टरांचा कागद मिळाला का तुला? मंगळवारचा?"

"कुठला कागद?"

मी तो विषय तिथेच सोडला. ताईने कागद दाबला, त्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. उलट मनातून गुदगुल्याच झाल्या. यादीतलं श्रेयाचं कलम मोडलेलं सापडलं होतं! पण कागद दाबणं वेगळं आणि दात पळवणं वेगळं. शिवाय ताईला कशाला पळवायचेत दात? जिला खुर्ची मिळाली, केबिन मिळालं, तिला आता कोणाचा हेवा वाटणार? हेवा आम्ही करायचा.

"काल संध्याकाळचं सगळं सांग," मी म्हटलं. "काही गाळू नकोस."

ती बोटांशी खेळायला लागली. "एक चूक झालीय. रागावणार नाही ना?"

"बोल."

"चारला बाहेरच्या टेबलावर डॉक्टरांचा फोन आला, तो मीच उचलला. ते म्हणाले, रुग्ण बाईंच्या स्वतःच्या दातावर लहानपणापासून एक पांढरा ठिपका होता. डावीकडच्या दुसऱ्या दातावर, खालच्या कडेला, तिरका. बाईंना तो परत हवाय, नाहीतर आरशात दुसरंच कोणी दिसेल म्हणाल्या. मी तो ठिपका दातात घातला. पण कार्डावर लिहायचं राहिलं."

आमच्याकडे फोन आला की कार्डावर लिहायचा, हा नियम. मी खिशातून कार्ड काढलं. रंगाचा नंबर होता, लांबी होती, ठिपक्याचं नाव नव्हतं.

"हे कोणाकोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. ताई रागावतील म्हणून. सकाळपासून सांगू सांगू म्हणतेय, पण त्या माझ्याकडे बघतही नाहीत. आता त्या नवीन करतायत त्यात ठिपका नसेल, आणि डॉक्टर परत पाठवतील, आणि तेही माझ्याच नावावर!"

ती रडायला लागली. मला रडणारी माणसं सांभाळता येत नाहीत. मी तिला पाणी दिलं आणि सरळ केबिनमध्ये जाऊन डॉक्टरांना फोन लावला. दात चोरीला गेल्याचं अर्थातच बोललो नाही.

"ठिपका ना? काल त्या मुलीला सांगितलंय मी," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या कोणाला? नाही बुवा. आज तुमच्याकडून हा पहिलाच फोन. का, काही गडबड?"

"काही नाही, साहेब. खात्री करून घेत होतो."

५

ताईची चौकशी मी शेवटी ठेवली होती. खिडकीपाशी गेलो तेव्हा तीन वाजून गेले होते. भट्टीतून शेवटचं भाजणं होऊन सहा दात नुकतेच बाहेर आले होते, आणि ती ते एकेक करून साच्यावर बसवत होती. तीन आठवड्यांत मी तिला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. केबिनमध्ये ती कायम पोट बिघडल्यासारखी बसायची. इथे ओठांच्या आत काहीतरी गुणगुणत होती.

"ताई, काल तू कधी निघालीस?"

"सहाला. मॅनेजरने वेळेवर निघावं, म्हणजे बाकीचेही वेळेवर निघतात."

"चिमणीचा ट्रे तपासला होतास?"

"नाही ना. सकाळी तपासणार होते. दात मी पाहिलेच नाहीत, मेणबुवा. कार्डावर माझी सही तरी आहे का?"

सही नव्हती, हे मला माहीत होतं.

"ट्रे उघडूनही पाहिला नाहीस?"

"सांगितलं ना, हातसुद्धा लावला नाही. सरका जरा, उजेड अडतोय."

मी सरकलो. उजेड साच्यावर पडला. सहा दात, एकाहून एक सुरेख. आणि डावीकडच्या दुसऱ्या दातावर, खालच्या कडेला, एक बारीक पांढरा ठिपका. तिरका.

मी स्टूल ओढलं आणि खिशातलं कार्ड काढलं.

६

"हा ठिपका कशाला घातलास?" मी विचारलं.

"दात खरा वाटावा म्हणून. खऱ्या दातांवर असतात असे डाग."

"एकाच दातावर? डावीकडच्याच? तिरका?"

दात बसवणारा तिचा हात थांबला.

मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. "यावर ठिपका नाही. डॉक्टरांनी तो फोनवर फक्त चिमणीला सांगितला आणि चिमणीने कोणाला सांगितला नाही. मी डॉक्टरांनाही विचारलंय. कालपासून तो ठिपका एकाच जागी होता, चोरीला गेलेल्या दातावर. तू तो पाहिलास. पाहिला म्हणूनच तुझ्या हातांनी तो घातला. साचा ठेवलास, कारण दात पुन्हा बनवायचे होते. चिमणीला कोणी बनवू देणार नाही, हे तुला ठाऊक होतं. मग खिडकीजवळ बसायला उरलं कोण?"

तिने टेबलाखालून स्वतःची पर्स घेतली, चष्म्याचं घर काढलं आणि उघडून माझ्यापुढे धरलं. आत कापसावर सहा दात होते.

मी डोळ्यांना भिंग लावलं. मला पोर्सलेन चढवता येत नाही, पण एकोणीस वर्षं मी ते पाहतोय. ताईचे दात सुरेख होते. चिमणीचे दात ओले वाटत होते, आत्ताच जीभ फिरून गेल्यासारखे.

"फोडायचे होते," ताई म्हणाली. "सहाला निघाले, कोपऱ्यावरून परत आले. तुम्ही हात धुवायला गेला होतात तेव्हा घेतले. घरी जाऊन हातोडी हातात घेतली. हात उठेना हो. मी चौदा वर्षं घासले, तिला दोन वर्षांत आलं, तेही मीच शिकवलेलं. केबिनच्या काचेतून मी रोज बघायची. माझ्या टेबलावर, माझ्या उजेडात बसून ती माझ्यापेक्षा चांगलं करतेय. तुम्हाला वाटायचं मला खुर्ची मिळाली. मला तिथे कोंडलं होतं, मेणबुवा! 'चांगलं झालंय' एवढे दोन शब्द तिला सांगायचे होते. तीन आठवड्यांत तोंडातून निघाले नाहीत."

मला आनंद व्हायला हवा होता. खुर्ची रिकामी होत होती. पण तिचं बोलणं ऐकताना मला सारखं वाटत होतं, की ही माझ्याच मनातलं बोलतेय, फक्त उलट्या बाजूने.

"पाचला चिमणीला काढणार आहेत," मी म्हटलं. "तुला माहीत होतं ते."

"सकाळी कळलं. दहा वेळा उठायला गेले. ब्रश हातात असला की उठवत नाही."

"आता तरी ऊठ."

ती उठली. अॅप्रन सोडला, चष्म्याचं घर उचललं आणि मालकीणबाईंच्या खोलीत गेली. मी दारापर्यंत बरोबर गेलो. आत तिने सगळं स्वतःच सांगितलं, एक शब्दही न गाळता. बाहेर येऊन चिमणीचे दात ट्रेमध्ये ठेवले, कार्डावर ठिपक्याची नोंद केली आणि त्याखाली सही केली. साडेचारला भाऊ ते घेऊन निघाला. तिने स्वतः केलेले सहा दात टेबलावरच राहिले. त्यांना विचारलंही नाही कोणी.

७

पावणेपाचला मालकीणबाईंनी मला आत बोलावलं.

"खुर्ची आजपासून तुमची," त्या म्हणाल्या. "हवी होती ना?"

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मग पहिलं काम. ताईंना ठेवायचं की काढायचं, ते मॅनेजरने ठरवायचं. मी नाही ठरवणार."

एकोणीस वर्षं ज्या खुर्चीसाठी माझा जीव खाली-वर झाला, तिच्यावर बसायच्या आधीच घाम फुटला. मी बाहेर आलो आणि चिमणीला स्टोअरमधून बोलावलं. सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या मंगळवारच्या कागदासकट.

"मला ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं," ती म्हणाली. "ठेवा त्यांना. पण माझ्या टेबलाशी यायचं नाही. आणि सगळ्यांसमोर सांगायचं, की मी दात फोडले नव्हते."

ते ताईने त्याच संध्याकाळी सांगितलं, सगळ्यांसमोर, मान खाली घालून. चिमणीने ऐकून घेतलं आणि आपलं टेबल पुसायला गेली.

पण ताईला बसवायचं कुठे? एकच जागा रिकामी झाली होती, माझी. कधीकाळी उमेदवारीत शिकली होती तेवढंच तिचं मेणाशी नातं. म्हणून मी निश्चिंत होतो. चाचपडेल, दोन-चार महिने चुका करेल, मग मी शांतपणे शिकवीन, असं चित्र मी रंगवलं होतं. मोठेपणा घ्यायला मलाही आवडतं.

चौथ्या दिवशी तिचा पहिला मेणाचा दात माझ्यापुढे तपासणीला आला. दाढ होती. मी ती उजेडात धरली, फिरवली, भिंगातून पाहिली. खाचा अशा उतरल्या होत्या, की मला तशा एकोणीस वर्षांत साधल्या नाहीत. मी पुन्हा पाहिली. एखादी चूक सापडावी म्हणून अक्षरशः देवाला हात जोडले. सापडली नाही.

केबिनच्या काचेतून समोर माझं टेबल दिसत होतं. माझी कोरणी तिच्या हातात होती. दाढ परत पाठवून "पुन्हा कर" म्हणणं अगदी सोपं होतं. कोणाला कळलंही नसतं. मी तसं म्हणायला उठलोसुद्धा, दारापर्यंत गेलो.

मामा बादली घेऊन जाता जाता थांबले. चिमणीने मान वळवली.

"ताई," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. आवाज फाटला, पण निघाला. "चांगलं झालंय. माझ्यापेक्षा चांगलं."

तिने वर पाहिलं. डोळे भरून आले होते तिचे.

"खरंच?" ती म्हणाली. "मग उद्या आणखी चांगलं करते."

माझ्या पोटात सणकन कळ आली. मी हसून मान डोलावली, केबिनचं दार लावून घेतलं आणि पुढचा ट्रे ओढला.